गोंदण 'काढणे' : एक द्व्यर्थी क्रियापद आणि त्याचे त्वचेवरील परिणाम

'त्याने टॅटू काढला' हे वाक्य आजच्या मराठी भाषकास दोन परस्परविरुद्ध अर्थांनी कळू शकते. चित्र काढावे तसा त्याने टॅटू काढला, हा एक अर्थ. डाग काढावा तसा काढला, हा दुसरा. 'हातावर टॅटू काढला' म्हटले म्हणजे पहिला अर्थ पुढे येतो, 'हातावरचा टॅटू काढला' म्हटले म्हणजे दुसरा. अर्थनिश्चितीचा सारा भार एका 'चा' प्रत्ययावर पडतो. अर्थविचाराच्या तासाला द्व्यर्थकतेचे उदाहरण म्हणून हे वाक्य सोयीचे आहे खरे. परंतु प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच नाही. ज्या क्रियापदाने एखादी गोष्ट होते त्याच क्रियापदाने ती नाहीशीही होते, असे भाषा सुचवू लागली की ती गोष्ट घरच्या घरी, दोन पैशांच्या साहित्याने नाहीशी करता येईल अशी समजूत होण्यास वेळ लागत नाही. नकोसे झालेले गोंदण चुन्याने, मिठाने किंवा आम्लाने घालविण्याचे जे प्रयोग आपल्या तरुण विद्यार्थ्यांत चाललेले दिसतात, त्यांच्या मुळाशी ही समजूत आहे असे मला वाटते. ती चुकीची का, हे पाहावयाचे तर शब्द आणि त्वचा ह्या दोहोंकडे जावे लागेल.

प्रथम शब्द. मराठीतील 'गोंदणे' आणि हिंदीतील 'गोदना' ही एकाच कुळातील रूपे होत. हिंदीत त्या धातूचा 'टोचणे, भोसकणे' हा अर्थ आजही जिवंत आहे. गुजरातीत गोंदणास 'छूंदणुं' म्हणतात व त्यातही कुटण्याचिरडण्याचा भाव आहे. तमिळमधील 'पच्चै कुत्तु' ह्याचा शब्दशः अर्थ 'हिरवे टोचणे'. तेलुगूत 'पच्चबोट्टु' म्हणजे हिरवा ठिपका. कन्नडमधील 'हच्चे' हा शब्दही ह्याच 'पच्चे'चा, आद्य 'प'चा 'ह' होऊन सिद्ध झालेला. जुन्या व नव्या कन्नडमधील हा ध्वनिबदल अभ्यासकांस परिचित आहेच. दूर ग्रीकमध्ये गेलो तरी तेच दिसते: 'स्टिग्मा' हा शब्द टोचणे ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आला, आणि गुलामांच्या व अपराध्यांच्या अंगावरील टोचलेल्या खुणेवरून त्याला कलंकाचा अर्थ चिकटला. खुद्द 'टॅटू' हा शब्द कुकच्या १७६९ मधील ताहिती-भेटीनंतर इंग्रजीत रुळला. त्याचे मूळ पॉलिनेशियन रूप 'तातौ' असून त्यातील 'ता' ह्याचा अर्थ आघात करणे. म्हणजे जगातील इतक्या भाषांनी ह्या क्रियेला नाव देताना रेखाटन पाहिले नाही; सुई पाहिली. मराठीने मात्र आपला टोचणारा शब्द बाजूस सारून परका शब्द घेतला, तो त्यातील आघात विसरून घेतला, आणि त्याला जोड दिली ती चित्रकलेतील 'काढणे' ह्या क्रियापदाची. आजीने गोंदवून घेतले; नात टॅटू काढून घेते. ह्या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात सुई हरवली आहे.

दक्षिणेकडील भाषांतील 'हिरवा' हा शब्द येथे विशेष विचारात घ्यावयास हवा. पारंपरिक गोंदणाचा रंग म्हणजे दिव्याची काजळी. त्यात एखाद्या पाल्याचा रस कालवीत. काजळी काळी असते. मग गोंदण हिरवट निळसर का दिसते? पाल्याच्या रसाने, असे उत्तर सहज सुचते. ते बरोबर नाही. काळा कण त्वचेच्या खोल थरात जाऊन बसला म्हणजे त्याच्यावरील थरातून जाताना प्रकाशाचे विकिरण होते; आखूड तरंगांचा निळा प्रकाश अधिक प्रमाणात परत फिरतो, लांब तरंगांचा तांबडा प्रकाश खोल जाऊन काळ्या कणांत शोषला जातो. नवजात बालकाच्या पाठीवर दिसणारा निळसर डागही ह्याच कारणाने निळा दिसतो. तेथेही खोलवर असलेले रंगद्रव्य काळपटच असते. तेव्हा 'पच्चै' हा शब्द म्हणजे नकळत केलेली खोलीची नोंद होय. गोंदण पृष्ठावर असते तर ते काळेच दिसले असते.

ही खोली किती? आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दशांशाएवढी पातळ असून ती खालून वर सतत नवी होत असते. सुमारे चार ते सहा आठवड्यांत तिचे जुने कण झडून जातात. तिच्याखाली अंतस्त्वचा. हिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घर्मग्रंथी आणि त्वचेला बळकटी देणारे तंतू असतात, व ती अशी झडत नाही. गोंदणाची सुई एक ते दोन मिलिमीटर आत, म्हणजे ह्या दुसऱ्या थरात, रंग सोडते. शरीर त्याकडे परका पदार्थ म्हणून पाहते आणि भक्षक पेशी ते कण गिळतात; परंतु त्यांना ते पचविता येत नाहीत. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी उंदरांवर केलेले प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसून आले की, रंग गिळलेली पेशी मेली म्हणजे तिच्यातील कण बाहेर पडतात व जवळच नव्याने आलेली पेशी ते पुन्हा गिळते. गोंदण टिकते ते केवळ डाग पडला म्हणून नव्हे, तर मरणारी प्रत्येक पेशी आपला वारसा पुढील पेशीकडे सोपवीत जाते म्हणून. बाहेरून लावलेल्या कोणत्याही द्रव्यास ह्या व्यवहारात हात घालावयाचा झाल्यास त्याने प्रथम बाह्यत्वचा पार केली पाहिजे, म्हणजेच नष्ट केली पाहिजे.

जुन्या मराठीस हा भेद चांगला ठाऊक होता, असे तिच्या क्रियापदांवरून म्हणता येते. मेंदी उतरते. हळद उतरते. कुंकू पुसते, किंवा कोणी ते पुसतो. मेंदीचा रंग बाह्यत्वचेच्या अगदी वरच्या मृत थरास लागतो, त्यामुळे तो थर झडेल तसा दोन-तीन आठवड्यांत तो जातो. 'उतरणे' हे क्रियापद तेथे शास्त्रदृष्ट्याही चोख आहे. गोंदण मात्र ना उतरते, ना पुसते. मेल्यावर दागिने येथेच राहतात, बरोबर येते ते गोंदणच, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते, आणि कपाळावरील गोंदलेल्या टिकलीचे मोलही तिच्या ह्याच न पुसण्यात होते. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. रायगड जिल्ह्यातील ठाकर, कातकरी समाजांतील वयस्क स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर असे गोंदण आजही दिसते. डोंगराखालच्या सिडकोच्या वसाहतीत तरुणांच्या हातांवर वेगळ्या आकृती आहेत. पण दोन्हींकडे रंग बसला आहे तो त्वचेच्या एकाच थरात.

ह्या तरुणांना गोंदण नकोसे का होते? मोडलेले प्रेम हे एक कारण. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे, व ते म्हणजे भरती. पनवेल-तळोजे भागात पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले नित्य दिसतात. सैन्यात किंवा निमलष्करी दलात जाण्याची त्यांची इच्छा असते, आणि वैद्यकीय तपासणीस महिना-दीड महिना उरला असता दंडावरील गोंदणाची भीती त्यांना पडते. भारतीय सैन्याचा नियम असा की, कायमचे गोंदण हाताच्या आतील बाजूस, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागील बाजूस असल्यास चालते; अन्यत्र चालत नाही. परंतु ज्या जमातींत चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण्याची रूढी आहे त्यांतील उमेदवारांचा विचार प्रत्येक प्रकरणाचे स्वरूप पाहून स्वतंत्रपणे केला जातो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत धार्मिक चिन्ह, आकृती वा नाव चालते. जागा मात्र डाव्या हाताची आतील बाजू, कारण तो सलामीचा हात नव्हे, किंवा हाताची मागील बाजू. आणि आकार त्या भागाच्या चतुर्थांशाहून लहान असला पाहिजे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने धार्मिक चिन्हाच्या गोंदणावरून अपात्र ठरविलेल्या एका उमेदवारास मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलासा दिला होता. हे सर्व येथे सांगावयाचे कारण असे की, ज्याचे गोंदण नियमात बसते असा मुलगाही केवळ ऐकीव माहितीवरून हात भाजून घेतो. ठाकर किंवा कातकरी मुलाने आपल्या रूढीचे गोंदण खरवडून टाकण्यापूर्वी ज्या दलात जावयाचे त्याची अधिसूचना मुळातून वाचावी, अर्ज करून विचारणा करावी. अधिसूचनेची भाषा क्लिष्ट असते, हे मान्य. तरी ती चुन्याइतकी दाहक नसते.

आता घरगुती उपाय. त्यांचे प्रकार पुष्कळ सांगितले जातात; वस्तुतः ते दोनच आहेत: घासणे आणि जाळणे. घासण्यास मीठ, वाळूचा कागद, पायाचा दगड हे घेतात. मिठाने घासण्याची रीत पूर्वी वैद्यकातही होती, पण ती निर्जंतुक स्थितीत, वैद्याच्या हातून, आणि वण राहणार हे गृहीत धरून. न्हाणीघरात घासणारास आपण किती खोल गेलो हे कळण्याचे एकच गमक असते, ते म्हणजे रक्त. रक्तवाहिन्या अंतस्त्वचेत असतात, तेव्हा रक्त दिसले म्हणजे बाह्यत्वचेचे छत्र गेले. रंगाचे कण बहुधा अजून खालीच असतात. अशा उघड्या जखमेत पू होतो, धनुर्वाताचा धोका असतो. दगड वा पाते दुसऱ्याने वापरलेले असल्यास रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचाही असतो.

जाळण्याच्या प्रकारात चुना व धुण्याचा सोडा ह्यांचा लेप पहिला. ही कृती कोणा आधुनिकाची युक्ती नव्हे. सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य अमिदाचा एटियस ह्याने गोंदण घालविण्यासाठी चुना, जिप्सम व सोडा ह्यांचा योग सांगून ठेवला आहे. चुना आणि सोडा पाण्यात एकत्र आले म्हणजे त्यांचा परस्पर विनिमय होतो: कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते आणि द्रावात उरतो तो दाहक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. साबण करणारे पूर्वी हाच विनिमय मुद्दाम घडवून आणीत. एकटा चुना दाहक, एकटा सोडा त्याहून सौम्य. पण मिश्रण दोहोंहून जहाल. आम्लाने भाजले असता त्वचेतील प्रथिने गोठतात व त्या गोठलेल्या थराचा थोडाफार अडसर होतो. अल्कलीचे तसे नाही. ती त्वचेतील मेदाचा अक्षरशः साबण करते, ऊतक विरघळविते आणि वाट मोकळी करून घेत खाली उतरते. आरंभी वेदना फारशी नसल्यामुळे लेप तसाच राहू दिला जातो. ओल्या सिमेंटमध्ये उभे राहून काम करणाऱ्या गवंड्यांच्या पायांना संध्याकाळी ज्या जखमा दिसतात त्या ह्याच जातीच्या.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याने हा लेप हातावरील नावावर रात्रभर बांधून ठेवला. जखम भरण्यास अडीच महिने लागले. नाव गेले नाही. अक्षरांचा रंग फिकट झाला, परंतु प्रत्येक अक्षराच्या जागी मांस वर आले, आणि पूर्वी जे डोळ्यांनी वाचावे लागे ते आता अंधारात बोटांनीही वाचता येते. तपासणी करणाऱ्यास गोंदणाऐवजी वण दिसला, एवढाच काय तो फरक पडला. आपल्याकडील सावळ्या त्वचेत असा उंचावलेला वण, विशेषतः छाती, खांदा व दंड ह्या जागी, होण्याची प्रवृत्ती अधिक असते. कधी तो मूळ जखमेची सीमा ओलांडून वाढतच राहतो. त्याशिवाय कातडीचा रंग कायमचा जाणे वा अधिक काळा होणे हे आहेच.

घरपोच मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल असते. त्वचारोगतज्ज्ञ ते वापरतात. परंतु ते किती खोल जाईल हे त्याच्या तीव्रतेवर, थरांच्या संख्येवर आणि जागेवर अवलंबून असते, व हे तारतम्य बाटलीबरोबर येत नाही. बिब्ब्याविषयी तर वेगळे सांगावयास नको. धोबी ज्याने कपड्यांवर न जाणारी खूण करीत त्याच तेलाने अंगावरची खूण जाईल असे कोणास वाटावे, ह्याचे आश्चर्य वाटते. तेथे फोड येतात, सूज अंगभर पसरू शकते, आणि राहतो तो काळा डाग. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार अनुभवातून आलेला असावा. रंग उजळण्याची मलमे ह्या सर्वांत निरुपद्रवी वाटतात. ती बाह्यत्वचेतील नैसर्गिक रंगद्रव्यावर काम करतात. काजळीशी त्यांचा संबंधच येत नाही. परिणामी गोंदणाभोवतीची कातडी फिकट होते आणि गोंदण अधिक उठून दिसते. त्यांतील काहींत पारा सापडलेला आहे, तो त्वचेवाटे शरीरात जाऊन मूत्रपिंडास अपाय करतो.

असा प्रयोग कोणी करून बसलाच असेल तर त्या स्थळाचे वस्त्र, घड्याळ, कडे काढावे. कोरडी चुन्याची भुकटी असल्यास आधी ती झाडून टाकावी, आणि मग निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. अल्कलीवर लिंबू किंवा व्हिनेगर पिळू नये. त्या रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होऊन दाह वाढण्याची भीती असते. हळद, तूप, दंतमंजन ह्यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यात कण गेला असल्यास डोळा धूत राहावे व तसेच तातडीने रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस शेवटी केव्हा घेतली हे आठवून वैद्यास सांगावे.

मग गोंदण जाते तरी कशाने? सिनसिनाटी येथील लिऑन गोल्डमन ह्याने १९६० नंतरच्या दशकात माणकाच्या लेसरचा गोंदणावर प्रयोग केला. १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश ह्यांनी त्यामागील तत्त्व मांडले: विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट रंगाच्या कणाने शोषला जातो, आणि तो प्रकाश पुरेसा क्षणिक असला तर कण तापून फुटतो, पण उष्णता भोवतालच्या ऊतकात पसरण्यास अवधी मिळत नाही. हा क्षण सेकंदाच्या अब्जांशाएवढा. अलीकडील यंत्रांत त्याहूनही लहान. फुटलेले सूक्ष्म कण पुढे भक्षक पेशी व लसीकावाहिन्या हळूहळू वाहून नेतात. म्हणजे लेसर गोंदण काढीत नाही. तो ते फोडतो, नेण्याचे काम शरीर करते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात व अशा बैठका अनेक घ्याव्या लागतात. काळी काजळी ह्या प्रकाशास चांगली वश होते. हिरवे-पिवळे रंग हट्टी असतात. आणि ओठ-भुवयांवरील काही फिकट रंगांत लोहाची वा टायटॅनियमची संयुगे असल्यास ते लेसरने उलट काळे पडतात. सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबी त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण ती त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्यात कमी शोषली जाते. हे सर्व ठरविणारा त्वचारोगतज्ज्ञ हवा. हातात धरावयाच्या लेसर-लेखण्या विकत मिळतात, त्यांना हा विवेक नाही. खर्च पुष्कळ होतो हेही खरे, आणि भरतीच्या तारखेपूर्वी महिनाभर जागे होणारास हा मार्ग उपयोगी नाही. लहान गोंदण शस्त्रक्रियेने कापून टाकता येते, तेथे रेघेसारखा वण राहतो.

गोंदणाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो ह्याच परिसरात नित्य दृष्टीस पडणारा आहे. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगसंस्था आहे. किरणोपचारात, किरण दररोज नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून, रुग्णाच्या त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे शाईचे ठिपके टोचण्याची पद्धत अनेक ठिकाणी प्रचलित आहे. उपचार संपल्यावर काहींना ते ठिपके आजाराची आठवण म्हणून नको होतात. किरण पडलेल्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षीण झालेल्या असतात व तेथील जखम भरून येणे कठीण असते. तेव्हा ज्या जागी घासण्याचा मोह सर्वांत समजण्यासारखा, त्याच जागी तो सर्वांत घातक. लेसरने ते ठिपके पुष्कळ फिकट होतात, पण तेथेही निर्णय उपचार करणाऱ्या वैद्यास विचारूनच व्हावा.

परिभाषेच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. दवाखान्यांच्या मराठी पत्रकांत ह्या उपचारास 'टॅटू काढणे' असेच म्हटलेले आढळते, क्वचित 'टॅटू मिटवणे'. दोन्ही शब्द फळ्याचे व खडूचे आहेत. 'विरणे' हे क्रियापद आपल्याकडे आहे: कापड विरते, ढग विरतात. सावकाश, थोडे थोडे, आणि पुष्कळदा पूर्णपणे नव्हे. 'गोंदण विरविणे' असा प्रयोग पत्रकांतून सुरू झाल्यास किती बैठका लागतील हा प्रश्न रुग्ण आपण होऊनच विचारील.